एक्सपल्स २०० ४व्ही: पांदण रस्ता आणि रोजची ये-जा

परतवाड्याहून रोज डांबरी रस्त्याने कामावर जाणे आणि सुटीच्या दिवशी पांदण रस्त्यांनी फिरणे, या दोन्हींसाठी हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही ही मोटारसायकल पुरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पुरेल, परंतु सुमारे १५८ किलो वजन चिखलात एकट्याने उचलताना जाणवते. कावासाकीची केएलएक्स २३० साधारण १३९ किलोची आहे, मात्र तिची सीट ८८० मिमी उंच, तर एक्सपल्सची ८२५ मिमी. मध्यम उंचीच्या चालकासाठी हा फरक इंजिनाच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

आपल्याकडील खरी परीक्षा पावसाळ्यातील काळ्या मातीची असते. ती साध्या गाडीच्या मडगार्डखाली घट्ट बसून चाक जाम करते, त्यामुळे २१ इंची पुढचे चाक आणि जमिनीपासूनचे २२० मिमी अंतर येथे शोभेपुरते राहत नाही. अर्थात टायर झिजलेले असतील, तर कोणतीही गाडी घसरणारच. चिखलदऱ्याच्या घाटात १९९.६ सीसीचे इंजिन खालच्या गिअरमध्ये तक्रार करत नाही. चाके तारांची, म्हणजे ट्यूबची असल्यामुळे जादा ट्यूब जवळ ठेवावी. मेळघाटच्या राखीव जंगलातील वाटांवर मात्र परवानगीशिवाय गाडी घालू नये.