विषय: आठ हजारात भरवशाची गाडी, आल्टिमा की कोरोला?

नमस्कार मंडळी,
नुकताच न्यू जर्सीत एडिसनला आलोय, पुण्यात आयुष्यभर बाईकच चालवली त्यामुळे गाड्यांमधलं शून्य कळतं. बजेट आठ हजार डॉलर, रोज प्रिन्स्टनला जाऊन येऊन करायचंय. 2014 ची निसानची आल्टिमा मिळतेय, कमी पळालेली आणि आतून एकदम चकाचक, आणि तेवढ्यातच 2012 ची टोयोटाची कोरोला, पण ती सव्वा लाख माइल झालीय. घरून सगळे म्हणतायत कमी पळालेलीच घे. काय करू?

---

अरे, कमी पळालेली म्हणजे चांगली हे आधी डोक्यातून काढ. त्या कोरोलाचं 1.8 लिटरचं इंजिन चेनवालं आहे, ठराविक काळाने टायमिंग बेल्ट बदलायचा खर्चच नाही, आणि गिअरबॉक्स जुन्या वळणाचा साधा चार गिअरचा, पिकअप यथातथाच पण चालत राहतो. आल्टिमाला सीव्हीटी आहे, म्हणजे ठराविक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. 2013 ते 2016 च्या आल्टिमांच्या सीव्हीटीवरून कोर्टात केस होऊन तडजोडीत निसानला वॉरंटी वाढवून द्यावी लागली होती, सात वर्षं किंवा 84 हजार माइल, आणि सात वर्षं तर कधीच उलटली. आता तो गिअरबॉक्स गेला तर तुझं निम्मं बजेट त्यातच जाईल. आतून चकाचक काय, दीडशे डॉलर दिले की कुठलीही गाडी चकाचक होते.

---

काकांचं पटतंय, पण कोरोला म्हणून डोळे मिटून घेऊ नकोस हं. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गाडी खालून गंजते, तेव्हा मोबाईल खाली घालून फोटो काढ, ब्रेकच्या पायपा खास बघ. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ, टोकाला चिखलाचा डाग दिसला तर गाडी पाण्यात गेलेली समज, 2021 च्या आयडा वादळात इथे कितीतरी गाड्या बुडाल्या आणि ज्यांनी क्लेम केला नाही त्यांचं कारफॅक्सवर, म्हणजे गाडीच्या इतिहासाच्या रिपोर्टवर, काहीच येत नाही. 17 अक्षरी व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, एनएचटीएसए या सरकारी वाहन सुरक्षा खात्याच्या साइटवर टाक, फुकट आहे, त्या वर्षीची कोरोला टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या रिकॉलमधे आहे, बदललेली नसेल तर टोयोटावाले पैसे न घेता बदलून देतात. आणि आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडे ने, त्याला स्कॅनर लावून रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का, ते बघायला सांग. विकायच्या आदल्या दिवशी चेक इंजिनचा दिवा घालवलेला असला तर ते त्यात लगेच कळतं.

---

थँक्यू ताई, काका. कोरोलावाल्याला फोन केला, मेकॅनिककडे न्यायला हो म्हणाला, फक्त मी सोबत येणार म्हणतो. आल्टिमावाला म्हणतो कारफॅक्स क्लीन आहे, मेकॅनिक कशाला.

---

मग आल्टिमावाल्याचा नंबर डिलीट कर. कोरोलावाला सोबत आला तर येऊ दे, चांगलंच आहे. शनिवारी सकाळी मी पण येतो, फक्त त्याला आधीच सांगून ठेव की गाडी गरम करून ठेवू नकोस, इंजिन थंड असतानाच स्टार्ट करून आवाज ऐकायचाय. आणि किंमतीचं मी येईपर्यंत काही बोलू नकोस.