मदत हवी आहे : चाचणीपट्टीतलं सोनं पॅडमधून सुटत नाही

लॅटरल फ्लो पट्टी आहे, घरच्या गर्भचाचणीच्या किटसारखीच. 40 नॅनोमीटरचं कोलॉइडल सोनं, त्यावर अँटिबॉडी, वर 1 टक्का बीएसएचं (गाईच्या रक्तातल्या प्रथिनाचं) ब्लॉकिंग, म्हणजे कणांवरची मोकळी जागा झाकणारा थर. ग्लास फायबर पॅडवर फवारून 37 अंशांवर रात्रभर वाळवतो. ताज्या पट्टीवर दोन्ही रेषा (टेस्टची आणि पट्टी नीट चालली हे दाखवणारी कंट्रोलची) दहा मिनिटांत ठसठशीत उमटतात. तीन आठवड्यांनी मात्र पॅडवर जांभळट डाग तसाच चिकटून राहतो आणि कंट्रोलची रेषाही फिकी पडते.

सोन्याचं मूळ द्रावण ठीक आहे: 10 टक्के मिठाचं पाणी घातलं तरी रंग लालच राहतो, निळसर होत नाही, म्हणजे कण एकमेकांना चिकटत नाहीत. पाकिटात सिलिका जेल आहे. सुक्रोज 5 वरून 10 टक्क्यांवर नेलं, किंचित फरक पडला. संशय पॅडवरच आहे, कारण तो आधी ट्वीन-20 (सौम्य डिटर्जंट) मध्ये भिजवून वाळवलेला नाही. कोणी तसं करत असेल तर बफर आणि प्रमाण सांगा. डिटर्जंट जास्त झालं की टेस्टची रेषा पसरते, ही धास्ती आहेच.

दुसरं, पेटंटचं. 1970 च्या भारतीय पेटंट कायद्यातलं कलम 3(आय) माणसावरच्या निदानपद्धतीला पेटंट देत नाही. मग दावा पट्टीच्या रचनेवरच बांधावा ना? प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाकला की पूर्ण तपशीलासाठी 12 महिने मिळतात, पण दावे कसे मांडावेत यावर अनुभवी मत हवंय. टेस्टच्या रेषेवर काय वापरलंय ते इथे मुद्दाम लिहीत नाही. अर्जाआधी उघड झालं की नवेपणावरच घाला येतो.