वेस्टर्नमधलं प्रेम म्हणजे नुसतं तोंडीलावणं?

काल जॉन फोर्डचा 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२) परत पाहिला. पाहिला नसेल तर पुढे वाचू नका, शेवट फुटेल.

वेस्टर्नमध्ये (अमेरिकेतल्या काउबॉय-बंदुकांच्या पिक्चरमध्ये) प्रेमाचं ठिगळ उगाच लावलेलं असतं असं लोक म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. यातून नायिका हॅलीला काढा, काय उरतं सांगा. टॉम (जॉन वेन) अंधारातून गुंड लिबर्टीला गोळी घालतो (आणि सगळ्यांना वाटतं रॅन्सनेच मारलं) ती काय कायद्यासाठी? हॅलीला तो वकील रॅन्स (जेम्स स्टुअर्ट) जिवंत हवा असतो म्हणून. आणि त्याच रात्री टॉमला कळून चुकतं की ती आता आपली नाही, मग दारू पिऊन घरी जातो आणि तिच्यासाठी बांधायला काढलेली खोली स्वतःच पेटवतो. ज्याच्यामुळे ती गेली त्यालाच वाचवायचं, याहून मोठी टक्कर कुठली?

प्रतिसाद १: साफ असहमत. हॅलीला विचारलं कोणी? टॉमने न विचारताच खोली बांधायला घेतली आणि शेवटी गोळीचं खरं काय ते रॅन्सला एकट्याला गाठून सांगितलं, म्हणजे तिचं काय करायचं ते दोघा पुरुषांनीच ठरवलं ना. त्यापेक्षा 'हाय नून' (१९५२) बघा. त्यातली हेलन (केटी हुराडो) आधी गुंड मिलरची, मग नायक मार्शल (गावचा पोलीस अधिकारी) केनची, मग त्याच्या हाताखालच्या हार्वीची. हार्वीचा जळफळाट त्यातूनच येतो, तबेल्यातली मारामारी पण. तरी ती कोणाच्या मागे लागत नाही, नुसते रुंद खांदे असले म्हणून कोणी पुरुष होत नाही हे हार्वीला तोंडावर सुनावते, धंदा विकते आणि गाव सोडते.

धागाकर्ता: हेलन जबरदस्त आहे, मान्यच. पण हॅली गप्प बसत नाही हो. म्हातारपणी ती टॉमच्या जळक्या घरापाशी जाते, तिथलं निवडुंगाचं फूल त्याच्या शवपेटीवर ठेवते आणि नवऱ्याने, म्हणजे रॅन्सने, ट्रेनमध्ये विचारल्यावर मीच ठेवलं म्हणून सांगते. नवऱ्यासमोर इतकं सरळ! मला तर तिथे दरवेळी भरून येतं.

प्रतिसाद २: फुलाचा सीन मलाही आवडतो, पण आख्खी गोष्ट पेपरच्या संपादकाला सांगतो कोण, रॅन्स. हॅलीच्या तोंडून ऐकली असती तर टॉमबद्दल तिने काय सांगितलं असतं, मला तो पिक्चर बघायचाय.