प्रयोगशाळेतील सॉफ्टवेअरची पुनर्रचना : सुरुवात कुठून करावी?

फोंडा_डिझाइन

नमस्कार. औषधकंपन्यांच्या क्यूसी (गुणवत्ता-तपासणी) प्रयोगशाळांमध्ये नमुन्यांची नोंद, चाचण्यांचे निकाल आणि मंजुरी ज्या सॉफ्टवेअरवर चालते, त्याच्या वापरकर्ता-अनुभवाची पुनर्रचना करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. आमचा चमू पणजीत बसतो आणि ते वापरणारे लोक मुख्यतः वेर्णा व कुंडई येथील औद्योगिक वसाहतींत आहेत. आजच्या मुख्य स्क्रीनवर इतके रकाने आहेत की नवा माणूस गांगरून जातो, एकच बॅच क्रमांक वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा टाइप करावा लागतो आणि प्रत्येक सहीला लॉगिन व पासवर्ड दोन्ही द्यावे लागतात. व्यवस्थापनाला मोबाइल अ‍ॅपसारखे सुटसुटीत रूप हवे आहे, जुने अ‍ॅनालिस्ट ‘आहे ते हलवू नका’ म्हणतात, आणि व्हॅलिडेशन (सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे चालते याची लेखी पडताळणी) पुन्हा करावे लागेल या धास्तीने क्यूए (गुणवत्ता-हमी) विभाग कोणत्याही बदलाला राजी होत नाही. अशा वेळी सुरुवात कुठून करावी आणि कोणत्या गोष्टींवर ठाम राहावे?

वेर्णा_क्यूसी

मी वेर्ण्याला एचपीएलसीवर, म्हणजे नमुन्यातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, काम करते. आराखडा काढण्यापूर्वी आपण हा प्रश्न विचारलात, हे मला फार मोलाचे वाटते. माझी पहिली विनंती अशी, की मीटिंग रूममध्ये बसून आमच्या मुलाखती घेऊ नका. परवानगी काढून एक अख्खी शिफ्ट आमच्या शेजारी उभ्या राहा. यंत्रात रात्रभर सोडलेल्या नमुन्यांचे, म्हणजे इंजेक्शनांचे, क्रोमॅटोग्राम (यंत्राने काढलेले आलेख) सकाळी येणारी व्यक्ती कशी वाचते, ते पाहा. प्रमाण द्रावणाची (तुलनेसाठीच्या, प्रमाण माहीत असलेल्या द्रावणाची) लागोपाठ घेतलेली इंजेक्शने एकमेकांशी जुळतात का, पीकची (आलेखातील उंचवट्याची) वेळ सरकली आहे का, नमुन्याचे उत्तर मर्यादेत बसते का, हे सगळे ती एका नजरेत ताडून पाहते. तेच आकडे तुम्ही तीन स्वच्छ, मोकळ्या पानांवर वाटले, तर पहिल्या पानावरचा आकडा तिला तिसऱ्या पानापर्यंत डोक्यात धरून ठेवावा लागेल, आणि चुका नेमक्या तिथेच होतील. म्हणून गर्दी दिसली की ती दोषच, असे धरून चालू नका. जुने लोक ‘हलवू नका’ म्हणतात ते बहुधा अशाच एखाद्या स्क्रीनविषयी. नेमका कोणता भाग हलवायचा नाही, हे त्यांना विचारून घ्या.

आमचा खरा त्रास निराळा आहे. तराजूच्या खोलीत हातमोजे घालून वजन घेत असताना सॉफ्टवेअर आपोआप लॉगआउट होते आणि अर्धवट भरलेली नोंद जाते. चूक झाल्याचा संदेश येतो, पण कोणत्या रकान्यात चूक आहे ते सांगत नाही. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते : 98.0 हा निकाल दिसायला नीटनेटका व्हावा म्हणून 98 करू नका. दशांशानंतरचे ते शून्य मोजमाप किती बारकाईने झाले ते सांगते. ते गाळण्याचा अधिकार डिझाइनरला नाही.

कुंडई_क्यूए

आमच्या विभागाची धास्ती तुम्ही अचूक मांडली आहे, परंतु तिच्यावर उपाय आहे. क्यूएला पहिल्या आठवड्यापासून सोबत घ्या आणि प्रत्येक बदल कोणत्या नोंदीवर परिणाम करतो, ते आमच्याबरोबर बसून लिहून काढा. बटणाची जागा बदलणे आणि निकालाची गणना बदलणे यांची जोखीम सारखी नसते, त्यामुळे तपासणीही सारखी लागत नाही. हे कागदावर आले की विरोध बराच निवळतो.

सहीच्या बाबतीत मूळ नियम वाचावा. इलेक्ट्रॉनिक नोंदी व सह्यांविषयीचा अमेरिकेचा नियम, 21 सीएफआर भाग 11, हा 1997 पासून लागू आहे. त्यानुसार एकाच सलग सत्रात पहिल्या सहीला ओळख आणि पासवर्ड दोन्ही लागतात, मात्र त्याच सत्रातील पुढच्या सह्यांना यांपैकी एक घटक पुरतो. त्यामुळे दर वेळी दोन्ही मागण्याची सक्ती नियमाची नाही, तुमच्या सॉफ्टवेअरची आहे. याउलट सही करणाऱ्याचे नाव, तारीख-वेळ आणि सहीचा अर्थ, म्हणजे ती तपासणीची आहे की मंजुरीची, हे नोंदीवर दिसलेच पाहिजे. तिथे सुटसुटीतपणासाठी काहीही झाकता येणार नाही.

दोनापावला_रसायन

माझे क्षेत्र समुद्ररसायनाचे, पण एक मुद्दा दोन्हीकडे लागू पडतो. पाण्यातील विरघळलेला प्राणवायू मोजण्यासाठी आम्ही विंकलर पद्धतीने अनुमापन (थेंबाथेंबाने द्रावण टाकून मोजमाप) करतो. स्टार्चचा निळा रंग नाहीसा होण्याच्या क्षणी एक हात ब्युरेटवर आणि डोळे चंचुपात्रावर असतात. त्या वेळी माउसने बारीक यादीतून पर्याय निवडायला लावणे अन्यायाचे आहे. आकडा आणि एंटर, एवढ्यातच नोंद झाली पाहिजे.

दुसरे म्हणजे रिकामा रकाना, शून्य आणि ‘शोधमर्यादेखाली’ (पद्धतीला ओळखता येणार नाही इतके कमी) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या स्क्रीनवर वेगळ्याच दिसायला हव्यात. वापरणाऱ्याच्या वतीने सॉफ्टवेअरने अर्थ लावू नये. एक्सेल जनुकांच्या नावांचे तारखांत रूपांतर करत राहिल्यामुळे अखेर 2020 मध्ये मानवी जनुकांची काही अधिकृत नावेच बदलावी लागली, आणि मार्च1 चे मार्चएफ1 झाले.

फोंडा_डिझाइन

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. बदलाने खरोखर फरक पडला, हे व्यवस्थापनाला कसे दाखवावे?

कुंडई_क्यूए

पुरावा ऑडिट ट्रेलमध्येच, म्हणजे कोणी कधी काय बदलले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदीतच, पडून आहे. कोणत्या रकान्यातील नोंदी सर्वाधिक वेळा दुरुस्त झाल्या आणि दुरुस्तीचे कारण काय लिहिले गेले, ते आत्ताच काढून ठेवा आणि पुनर्रचनेनंतर त्याच रकान्यांशी ताडून पाहा. मात्र कोणत्या व्यक्तीच्या किती चुका, असा तक्ता कधीही करू नका. तसे झाले तर लोक तुमच्याशी मोकळेपणाने बोलणे थांबवतील. जोडीला जॉन ब्रूक यांची दहा विधानांची एसयूएस ही वापरसुलभता मोजणारी प्रश्नावली आधी व नंतर भरून घ्या. शंभरपैकी 68 च्या आसपास सरासरी मानतात, त्यामुळे तुलनेला आधार मिळतो. पहिला प्रयोग एकाच प्रयोगशाळेत, आणि एकाच प्रकारच्या चाचणीवर करावा.

वेर्णा_क्यूसी

आणि तो महिनाअखेरीस सुरू करू नका. त्या दिवसांत बॅच मंजूर करून बाहेर सोडण्याची घाई असते, मान वर करायला कोणाला सवड नसते.