गाइडला बक्षीस कशाला? उत्तर देतो

मांडवीकर:
परवा इथं एकानं लिहिलं, "पीएचडीची मुलं घडवायचा पगार मिळतो, वेगळा पुरस्कार कशाला?" दोन दिवस डोक्यातून जात नाही. अमेरिकेत कॉम्प्युटिंग रिसर्च असोसिएशन ही संस्था संगणकशास्त्रज्ञ नीको हाबरमान यांच्या नावानं पुरस्कार देते. संगणक संशोधनात ज्या समाजगटांची माणसं कमी, त्यांची संख्या आणि यश वाढवणाऱ्याला. आपल्याकडे? यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांत प्राध्यापकांच्या निवड-बढतीसाठी पदवी मिळालेल्या पीएचडीमागे गाइडला १० गुण. अर्ध्यात सोडून गेलेल्या मुलीचा हिशेब कोण ठेवतो?

जुना मास्तर:
ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेत नाही. २२ वर्षं शिकवतोय. पुरस्कार आला की अर्ज आला, फाइल आली, फोटोसाठी मुली उभ्या केल्या. माझ्या गाइडनी रात्री अकरापर्यंत बसून माझा कोड तपासला, कुणी शाल घातली नाही त्यांना.

रावपुऱ्याची ताई:
तुम्हाला चांगला माणूस भेटला सर. मी गाइडच्या घरची भाजी आणलीय, त्यांच्या मुलाची गणितं घेतलीत. दिवस गेले तेव्हा म्हणाले, "आता कशाला पीएचडी?" आज पीएचडीच्या नियमात बाळंतपण-संगोपनाला २४० दिवस रजा आहे, बायकांना पूर्ण करायला दोन वर्षं जादा आहेत. मी २०१० साली सोडली.

जुना मास्तर:
वाईट झालं. पण तो माणूस वाईट होता, पुरस्कारानं सुधारला नसता. आणि बडोद्यात बसून अमेरिकेचे दाखले कशाला? १९१३ साली सयाजीरावांनी आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते कुठल्या पुरस्कारासाठी?

मांडवीकर:
पुढचं का गाळता? १९१७ला ते इथं नोकरीला आले तेव्हा शहरात कुणी घर दिलं नाही. पारशी पथिकाश्रमातून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. कचेरीत शिपाई लांबून फायली टाकायचे. कमाटीबागेत झाडाखाली बसून रडले आणि गाव सोडलं. शिष्यवृत्ती होती, पाठीशी माणूस नव्हता.

हुजूरपागा:
महाराजांवर घसरायचं काम नाही! आमचे पणजोबा हुजूर कचेरीत होते. १९०६ साली अख्ख्या राज्यात सक्तीचं शिक्षण आणणारा राजा दुसरा दाखवा.

मांडवीकर:
महाराजांना कोण बोलतंय? मी गावाला बोलतोय. पणजोबांच्या कचेरीलाच.

हुजूरपागा:
पणजोबांवर जाऊ नका. तुमचे कुठे होते तेव्हा?

मांडवीकर:
याच गावात. त्यांनीही घर दिलं नसणार. म्हणून तर बोलतोय.

जुना मास्तर:
भांडू नका. कमाटीबागेचं मला सुचलं नव्हतं, ते खरं आहे. आत घेणं वेगळं आणि टिकवणं वेगळं, इतकं कबूल. पण पुरस्कार द्यायचाच तर गाइडचा अर्ज नको. सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांना आधी विचारा.

रावपुऱ्याची ताई:
विचारा. माझा नंबर कॉलेजकडे अजून तोच आहे. पंधरा वर्षांत एकदाही फोन आला नाही.