लिंकनचे संत ह्यू : एक की दोन?

प्रश्न :
इंग्लंडमधल्या लिंकन शहराच्या संत ह्यूंची माहिती जुळत नाही. एका ठिकाणी ते ज्यूंना जमावापासून वाचवणारे बिशप आहेत, तर दुसरीकडे ज्यूंनी मारलेला मुलगा. बिशप १२०० मध्ये वारले, मग १२५५ च्या खटल्यात ते कसे? शिवाय राजाशी त्यांचं नेमकं कशावरून बिनसलं?

प्रतिसाद १ :
ही दोन वेगळी माणसं. बिशप ह्यू फ्रान्समधल्या आव्हालोंचे, कार्थुसियन या कडक एकांतवासी पंथाचे संन्यासी. ११८६ मध्ये बिशप झाले, १२२० मध्ये पोपने त्यांना संत घोषित केलं. मुलगा ह्यू १२५५ मध्ये विहिरीत मेलेला सापडला. धाक दाखवून एका ज्यूकडून कबुली घेतली आणि तिसऱ्या हेन्रीने १९ ज्यूंना मारलं. आरोप धादांत खोटा होता, आणि त्या मुलाला रोमने कधीही संत ठरवलेलं नाही. दोघांचं नाव आणि गाव एक, म्हणून घोळ होतो. चित्रात शेजारी हंस दिसला, किंवा सण १७ नोव्हेंबरचा असला, तर ते बिशपच.

प्रतिसाद २ :
राजाचं म्हणाल तर सुरुवात इंग्लंडमधल्या विदॅम गावापासून. राजा दुसऱ्या हेन्रीने कँटरबरीचे आर्चबिशप टॉमस बेकेट यांच्या खुनाचं प्रायश्चित्त म्हणून तिथे मठ काढला. पण जमिनीवरून उठवलेल्या कुळांना घरांची भरपाई मिळेपर्यंत मठप्रमुख म्हणून आलेल्या ह्यूंनी बांधकाम पुढे जाऊ दिलं नाही. राजाच्या दालनात झालेली आपली बिशपपदाची निवडही त्यांनी नाकारली. लिंकनच्या कॅनननी (कॅथेड्रलच्या धर्मगुरूंनी) आपल्याच सभागृहात पुन्हा निवडल्यावरच होकार दिला.

सगळ्यात मोठा खटका ११९७ चा. हेन्रीनंतरचा राजा रिचर्ड याने फ्रान्समधल्या लढाईसाठी वर्षभराकरता ३०० सरदार मागितले. ह्यूंचं म्हणणं, लिंकनची लष्करी सेवा फक्त इंग्लंडच्या हद्दीतच लागू आहे. युद्धविरोध हा मुद्दाच नव्हता, हे नीट लक्षात घ्यावं. वाद हक्काच्या मर्यादेचा होता. जप्तीचा हुकूम निघाला, पण ह्यू आपल्याला चर्चमधून बहिष्कृत करतील या भीतीने अधिकारी मालमत्तेला हात लावायला धजावेनात.

प्रतिसाद ३ :
लिंकनचं कॅथेड्रल (बिशपचं मुख्य चर्च) पाहणाऱ्यांसाठी एक भर. ११८५ च्या भूकंपात जुनी इमारत खचली. ह्यूंनी ११९२ पासून नवी उभारायला घेतली. त्यांचं म्हणून दाखवायचं ते गायनकक्ष. तिथल्या छताच्या तिरप्या फासळ्या मुद्दाम पाहा. त्याच्या पूर्वेचा 'एंजल क्वायर' हा भाग त्यांचा नव्हे. यात्रेकरूंची गर्दी मावेना म्हणून त्यांनी बांधलेलं पूर्व टोक पाडून तो १२५६ नंतर उभारला, आणि १२८० मध्ये त्यांचे अवशेष तिथे हलवले.