मुहूर्ताची आकडेमोड आणि पेन्सिलीतला '३८'

मासुंदाकाठ
माळा आवरताना जुनं पंचांग हाती आलं. मलपृष्ठाच्या आत आजोबांच्या अक्षरात पेन्सिलीनं एवढंच: "ठाणे ३८. माध्यान्ह बघून." अंगणात काठी रोवून सावली बघत बसणारे आजोबा एकदम आठवले, म्हणून हा धागा. ठाणे, कळवा, ऐरोलीपासून पनवेलपर्यंत जे कोणी घरचे मुहूर्त स्वतः काढतात त्यांनी पद्धत लिहा. राहुकाळ, चौघडिया, भद्रा, वास्तू, लग्न, काहीही चालेल. आकडे द्या, चुका कुठे होतात ते द्या. मुहूर्त मानावा की नाही हा वाद इथे नको, त्यात आधीच बऱ्याच जणांचे रविवार गेलेत.

मोजूनमापून
३८ म्हणजे ३८ मिनिटं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. ठाणे ७३ च्या किंचित अलीकडे. फरक साडेनऊ अंश, दर अंशाला ४ मिनिटं. म्हणजे ठाण्यात सूर्य माथ्यावर येतो सरासरी १२:३८ ला. सरासरी म्हटलं, कारण पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला. त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला माध्यान्ह १२:२२ च्या आसपास येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:५२ पर्यंत सरकतो. अर्धा तास इकडेतिकडे.
अभिजित मुहूर्त म्हणून बाराच्या ठोक्याला नारळ फोडणारे बहुतेक वेळा अभिजितच्या आधीच फोडतात. दिनमानाचे (उदय ते अस्त) १५ भाग, त्यातला आठवा तो अभिजित. जानेवारीच्या मध्याला उदय ७:१४, अस्त ६:२०. दिनमान ६६६ मिनिटं, भागिले १५ म्हणजे ४४. अभिजित १२:२५ ते १:०९. बारा वाजता अजून पंचवीस मिनिटं बाकी असतात.

चहा दोन कप
म्हणजे मुंबईत १९५५ पर्यंत 'मुंबई टाइम' प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालायचा तो याच हिशोबाने. आजोबांच्या तरुणपणी बाराला खरंच बारा वाजत होते!

नेरुळनिवासी
राहुकाळ म्हणजे दिवसाच्या आठ भागांतला टाळायचा भाग. त्यासाठी एक नंबर पाठ करा: ८२७५६४३. जुन्या एमटीएनएलच्या सात आकडी नंबरासारखा. रविवारपासून सुरुवात. रवि आठवा भाग, सोम दुसरा, मंगळ सातवा, बुध पाचवा, गुरु सहावा, शुक्र चौथा, शनि तिसरा. उदय ते अस्त भागिले ८, झालं. नंबरात १ नाहीच, म्हणजे सूर्योदयानंतरचा पहिला भाग कुठल्याच वारी राहुकाळात जात नाही. घाईत असाल तर तोच धरा.
"सोमवार साडेसात ते नऊ" हे कोष्टक सहा ते सहा दिवस धरून केलेलं आहे. आपल्याकडे जानेवारीत सोमवारी खरा राहुकाळ ८:३७ ते १०. जूनमध्ये रविवारी ५:३८ ते ७:१८, आणि कोष्टक म्हणतं साडेचार ते सहा. म्हणजे लोक मोकळी वेळ टाळतात आणि टाळायच्या वेळेत गाडीची चावी घेतात 😄

वाशीकर वैतागलेला
सूर्योदय म्हणजे नक्की कुठला? आमच्या बाल्कनीतून समोरच्या टॉवरमागून नऊला उगवतो.

मोजूनमापून
टॉवर धरायचा नाही, पारसिकचा डोंगरही धरायचा नाही. सपाट क्षितिज धरूनच गणित असतं. तरी दोन व्याख्या आहेत: बिंबाची वरची कड दिसली तो क्षण, किंवा बिंबाचा मध्य क्षितिजावर, तोही वातावरणातलं वक्रीभवन न धरता. दोन्हींत तीन-चार मिनिटांचा फरक पडतो. दोन पंचांगांतले सूर्योदय जुळत नाहीत म्हणून भांडू नका. एक धरा आणि अस्तालाही तीच व्याख्या लावा. उदय एकातून आणि अस्त दुसऱ्यातून घेतला की सगळे भाग घसरतात.

उलव्याचं वारं
मुंबईच्या वेळा पनवेल-उलव्याला चालतात का?

नेरुळनिवासी
चालतात. सीएसएमटी ते ठाणे अर्धं मिनिट, पनवेल अजून अर्धं. त्यासाठी झोप घालवू नका. घोळ अ‍ॅपमुळे होतो. लोकेशन बंद असलं की बरीच अ‍ॅपं गुपचूप दिल्ली किंवा उज्जैन धरतात. जानेवारीत दिल्लीचा सूर्योदय आपल्याशी जवळपास मिनिटाला जुळतो, म्हणून संशयच येत नाही. पण तिकडे अस्त पावणेसहाला आणि इथे ६:२० ला. शेवटचा आठवा भाग दिल्लीला साधारण साडेचारला सुरू होतो, ठाण्यात पाचला. नेहमी सूर्यास्त तपासा, सूर्योदय नाही.

पळी-पंचपात्र
वरच्याला पुरवणी. तिथी, नक्षत्र, योग, करण यांची समाप्ती अख्ख्या भारतात एकाच क्षणी होते. गावानुसार बदलतं ते फक्त उदयास्तावर अवलंबून असलेलं: राहुकाळ, चौघडिया, होरा, अभिजित, प्रदोष, आणि लग्न म्हणजे उदयलग्न, पूर्वेला उगवत असलेली रास. त्यामुळे भद्रा दिल्लीच्या पंचांगातून घेतली तरी बिघडत नाही.
भद्रा म्हणजे विष्टी करण, शुभकामाला टाळायची अर्धी तिथी. शुक्ल पक्षात ८ आणि १५ चा पूर्वार्ध, ४ आणि ११ चा उत्तरार्ध. कृष्णात ७ आणि १४ चा पूर्वार्ध, ३ आणि १० चा उत्तरार्ध. पौर्णिमेचा पूर्वार्ध नेहमीच भद्रेत, म्हणून होळीला आणि राखीला दरवर्षी तोच गोंधळ. काढायची रीत: समजा पौर्णिमा सकाळी १०:३० ला लागली आणि दुसऱ्या दिवशी ८:१० ला संपली. २१ तास ४० मिनिटं, अर्धे १० तास ५०. भद्रा रात्री ९:२० ला संपली. "पौर्णिमा आहे तोवर भद्रा आहे" असे निरोप फिरतात ते चूक. तिथी १९ ते २६ तासांची असू शकते, त्यामुळे सरसकट १२ तास धरणंही चूक.

सीवूड्सची सुगरण
माझी नणंद न्यू जर्सीला असते. तिने इथलं कालनिर्णय भिंतीवर लावलंय आणि त्याच वेळा पाळते 🙈

पळी-पंचपात्र
ताई, त्यांना सांगा: तिथीची वेळ उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे घ्या, हिवाळ्यात साडेदहा. मग तिथल्या सूर्योदयाला कोणती तिथी आहे ते बघा. चतुर्थी कधीकधी आदल्या दिवशी निघते. राहुकाळ मात्र मागे-पुढे करायचा नाही, तिथल्या उदयास्तावरून नव्याने काढायचा.

सीवूड्सची सुगरण
बरं कळवते. ती म्हणेल वहिनीला आता गणित सुचायला लागलं.

कोलशेतचा कोपरा
नवीन फ्लॅटची वास्तुशांत असेल तर मुहूर्ताइतकंच हे बघा, कारण वेळ इथेच चुकते. नव्या टॉवरमध्ये छताला धूरसूचक आणि स्प्रिंकलर असतात. लाल नळीचा स्प्रिंकलर ६८ अंशांना फुटतो आणि फुटला की घरात पाऊस. होमकुंड त्याच्या थेट खाली नको, खिडकीजवळ घ्या. सोसायटी ऑफिसला आदल्या दिवशी लेखी कळवा, म्हणजे तेवढ्या मजल्याचा धूरसूचक ते तात्पुरता बंद ठेवतात आणि नंतर चालू करतात (चालू केला का ते विचारा!). कुंडाखाली विटांचे दोन थर आणि वर बोटभर वाळू, नाहीतर विट्रिफाइड टाइल तडकते. गोवऱ्या दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवलेल्या हव्यात. दमट गोवरी म्हणजे नुसता धूर, मग सायरन, मग वॉचमन, मग मुहूर्त टळला.
सर्व्हिस लिफ्ट बहुतेक ठिकाणी ठरावीक वेळेतच मिळते. पहाटेचा मुहूर्त असेल तर विटा, वाळू, समिधा आदल्या संध्याकाळी वर चढवा. सकाळी हातात फक्त कलश, देव आणि दूध.

उलव्याचं वारं
दूध उतू जायला वेळ लागतो त्याचं काय? पाइपचा गॅस अजून आलेला नसतो.

सीवूड्सची सुगरण
इंडक्शन न्या, आणि खाली चपटं स्टीलचं पातेलं. पितळी, तांब्याचं, ॲल्युमिनियमचं साध्या इंडक्शनवर चालत नाही, तिथे जाऊन कळतं मग धावाधाव. पाव लिटर दूध, लहान तोंडाचं पातेलं, तीन चतुर्थांश भरलेलं. मोठ्या पातेल्यात तळाला दूध घेतलं तर काठापर्यंत येतच नाही, नुसतं आटतं. आधी कोमट करून ठेवा आणि मुहूर्ताच्या चार-पाच मिनिटं आधी आच वाढवा. इंडक्शनवर दूध सांडलं की तो आपोआप बंद पडतो, घाबरू नका, पुसा आणि परत लावा.

चहा दोन कप
हा धागा वाचून दूध उतू गेलं. गॅसवर. मुहूर्त कुठला होता बघायला हवं.

घंटाळी रिटर्न्स
आमच्या पेढीच्या शेजारी सगळे चौघडियावाले, वरच्या मजल्यावर सगळे राहुकाळवाले. दोघांचं जमतं का कधी?

नेरुळनिवासी
चौघडिया म्हणजे दिवसाच्या त्याच आठ भागांना दिलेली शुभ-अशुभ नावं, त्यामुळे पडताळून बघता येतं. दिवसाचा क्रम: उद्वेग, चल, लाभ, अमृत, काळ, शुभ, रोग. हे रवी, शुक्र, बुध, चंद्र, शनी, गुरू, मंगळ, म्हणजे होऱ्याचाच क्रम. त्या वाराचा जो ग्रह त्याच्यापासून सुरू करायचं, आठवा पुन्हा पहिलाच. आता राहुकाळ टाका: रविवारी उद्वेग, सोमवारी काळ, बुधवारी रोग, शुक्रवारी काळ, शनिवारी रोग. पाच दिवस दोघांचं एकमत. भांडण फक्त मंगळवारी आणि गुरुवारी. मंगळवारी राहुकाळ 'शुभ' वर पडतो आणि गुरुवारी चक्क 'अमृत' वर. त्या दोन वारी दुपारची बैठक ठेवू नका, सोपा उपाय.
रात्रीचा क्रम वेगळा आहे हे बरेच जण विसरतात: शुभ, अमृत, चल, रोग, काळ, लाभ, उद्वेग. रविवारी रात्र शुभने सुरू होते, सोमवारी चल, मंगळवारी काळ, बुधवारी उद्वेग, गुरुवारी अमृत, शुक्रवारी रोग, शनिवारी लाभ. लक्ष्मीपूजनाला दुकानदार हेच बघतात, आणि रात्रीचा भाग काढताना अस्त ते दुसऱ्या दिवशीचा उदय घ्यायचा. त्या दिवसांत तो दीड तासापेक्षा दोन ते सहा मिनिटांनी मोठा निघतो.

मोजूनमापून
आणखी एक गंमत. पाचवा भाग माध्यान्हालाच सुरू होतो, म्हणून बुधवारी अभिजितचा उत्तरार्ध राहुकाळात. बुधवारी अभिजित वर्ज्य सांगतात ते ठीक. पण चौथा भाग माध्यान्हाला संपतो, म्हणजे शुक्रवारी अभिजितचा पूर्वार्धही राहुकाळातच! शुक्रवारी मात्र कोणी काही बोलत नाही. दोन वेगळ्या परंपरा एकाच तक्त्यात कोंबल्या की असं होतं. माझं मत: एक धरा, दुसरी सोडा. सगळं टाळत बसलात तर दिवसाला चहा प्यायलाही वेळ उरणार नाही.

वाशीकर वैतागलेला
पत्रिकेवर "दुपारी १२ वाजून ३७ मिनिटे" छापतात ते कसं येतं? आणि १२:३७ ला अक्षता पडलेल्या कोणी बघितल्यात का?

पळी-पंचपात्र
उदयलग्न राशीनुसार साधारण दीड ते सव्वादोन तास टिकतं, त्यातला एक नवमांश, म्हणजे नववा भाग, सुमारे १३ मिनिटं. चांगला नवमांश धरून त्याच्या आतली वेळ देतात. त्यामुळे ३७ चे ४० झाले तर आभाळ कोसळत नाही, ५५ झाले तर मात्र नवमांश गेला. हॉलचं भिंतीवरचं घड्याळ कधीच धरू नये, मोबाइलची नेटवर्कची वेळ धरावी.
मंगलाष्टकाचं एक कडवं संथ म्हटलं तर ३५-४० सेकंद. आठ कडवी म्हणजे पाच मिनिटं. पण मावशी, आत्या, मुलाचे मित्र प्रत्येकी आपली दोन-दोन घेऊन येतात. आधीच विचारून नावं लिहा, बेरीज करा, तेवढा वेळ आधी अंतरपाट धरा. लवकर संपलं तर भरायला कडवी असतात, उशीर झाला तर मावशीला थांबवता येत नाही. शेवटी 'तदेव लग्नं' गुरुजींनीच म्हणायचं, ते वेळ बघून.
गोरज मुहूर्त घेतलात तर सूर्यास्ताभोवतीची घटका. जूनमध्ये सव्वासात उलटून जातात, नोव्हेंबरच्या शेवटी सहाच वाजतात. पत्रिका छापताना मागच्या लग्नाची वेळ उचलू नका.

पारसिकपार
रविवारी असेल तर मेगाब्लॉक बघा. ट्रान्सहार्बर लोकल बंद असली की वऱ्हाड तुर्भ्याला. शुक्राचा अस्त परवडला.

घंटाळी रिटर्न्स
😂😂 आणि घोडबंदरला गायमुख घाट. त्याला कुठल्याच पंचांगात वेळ नाही.

कोलशेतचा कोपरा
दसरा, पाडवा, अक्षय्यतृतीया, बलिप्रतिपदेचा अर्धा, या साडेतीनला काही बघत नाहीत. पण गाडी घ्यायची तर पैसे, विमा, नोंदणी आठ दिवस आधी उरकून त्या दिवशी फक्त ताबा घ्या. शोरूममध्ये त्या दिवशी लिंबू ठेवायला जागा नसते.

मासुंदाकाठ
भरभरून लिहिलंत, आजोबांचा ३८ सुटला. त्याच माळ्यावर तांब्याची एक वाटी पण निघाली, बुडाला बारीक भोक. घटिकापात्र असावं. पाण्यावर ठेवलं तर ३१ मिनिटांत बुडलं. घटकेची २४ हवीत ना?

पळी-पंचपात्र
२४ च. भोकात क्षार बसलेत. चिंच-मीठ लावून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशने धुवा. सुई अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की पात्र कायमचं पुढे धावतं. घंगाळातलं पाणी खोलीच्या तापमानाचं, ढवळलेलं नको, पंखा बंद. तीनदा मोबाइल लावून मोजा.

मासुंदाकाठ
चिंच लावली. उद्या सांगतो.

उलव्याचं वारं
ते इंडक्शनवर स्टीलचं पातेलं कुठलंही चालेल का, की चुंबक लावून बघायचं?

सीवूड्सची सुगरण
फ्रिजवरचं चुंबक तळाला चिकटलं की चालेल. स्टीलची पण काही चिकटत नाहीत.